एकाच खोलीतले दोन ताप

आदिनाथच्या कपाळावर ओली पट्टी ठेवायची, ती तापली की उचलायची, पातेल्यात बुडवून पिळायची आणि पुन्हा ठेवायची. सकाळपासून केवळाबाईचं हेच चाललं होतं. पट्टी ठेवताना तिचे ओठ हलत. ती देवाचं नाव घेत होती की नातवाला धीर देत होती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

घरमालक चांदपाशाच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली होती. लातुरात क्लासेसच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये अशा खोल्या घरोघर होत्या. खाली मालकाचा संसार, वर गावाकडून आलेली पोरं आणि त्यांना रांधून घालायला आलेली आई नाहीतर आजी. तिच्या लेकाची, रामकिशनची दोन्ही जुळी लेकरं, आदिनाथ आणि तनुजा, बारावीला होती. दोघांना डॉक्टर व्हायचं होतं. सुनेला शेत आणि जनावरं सोडून येता येईना, म्हणून केवळाबाई आली होती. शेजारच्या घरात स्लॅबची मोठी खोली मिळत होती, पण केवळाबाईनं दगड-सिमेंट डोक्यावर नको म्हणून पत्र्याचीच घ्यायला लावली. भूकंपात घर गेलेल्या बाईला त्यावर कोण काय बोलणार?

आदिनाथला ताप भरला, तेव्हा गल्लीत तापाचे बरेच पेशंट होतेच. चांदपाशानं त्याला आपल्या रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं आणि डेंग्यू निघाला. पेशी जरा उतरल्या होत्या, पण भरती करायची गरज नव्हती. भरपूर पाणी पाजा, रोज रक्त तपासा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवसापासून केवळाबाईच्या जिवाला घोर लागला. पोराचा ताप किती वाजता चढला, किती वाजता घाम आला, त्यानं किती घोट नारळपाणी घेतलं, सगळं तिच्या तोंडपाठ होतं.

आणि त्यातच तनुजा दारात उभी राहून म्हणाली, "आजी, मी बाजूला झाले."

"आत्ताच व्हायचं होतं का गं तुला?" केवळाबाई म्हणाली.

"मी काय मुहूर्त काढून येते का?"

"तोंड लई चालतंय. जा, भाऊ तापानं फणफणलाय, त्याच्यावर सावली नको पडायला."

तनुजाचं अंथरूण खोलीबाहेर गेलं. गच्चीवर खोली आणि कठडा यांच्यामध्ये एक बोळ होता. तिथं पाण्याची निळी पिंपं मांडलेली होती. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, तेव्हा ज्याच्या त्याच्या गच्चीवर अशीच पिंपं असत. त्या पिंपांच्या बाजूला तिची सतरंजी, तिचं ताट, तिचा स्टीलचा ग्लास आणि तिची पुस्तकं. चार दिवस तिला कुणी शिवायचं नाही.

एरवी तनुजा यावरून आजीशी भांडायची. "आजी, बारावीच्या पुस्तकात हे सगळं दिलंय. चित्र काढून दिलंय. त्यात विटाळ कुठंच न्हाई."

"पुस्तक लिहिणाऱ्याच्या अंगावर माळवद पडलं होतं का?" केवळाबाई विचारायची, आणि भांडण तिथंच संपायचं.

कारण माळवद पडलं होतं. भूकंपाच्या साली अनंत चतुर्दशीला गणपती बुडवून गाव झोपलं होतं. केवळाबाई तेव्हा तरणीताठी होती आणि बाजूला बसलेली होती, म्हणून घराबाहेर गोठ्याच्या पडवीत, बैलांच्या शेजारी पोतं टाकून निजली होती. पहाटे जमीन हलली. दगडामातीच्या रुंद भिंती आणि त्यांच्यावरचं ते मातीचं जड माळवद एका दमात खाली आलं. नवरा, सासू, दीर, जाऊ, जावेची लेकरं, सगळे आत होते. रामकिशन मामाकडं अर्धापूरला गेलेला, म्हणून तो राहिला. आणि ही राहिली. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढताना बाया म्हणायच्या, "केवळे, तुला विटाळानं वाचवलं गं." कुणी कळवळून म्हणायची, कुणी टोमणा मारायची. केवळाबाईनं ते दोन्ही कानांनी ऐकलं आणि मनात पक्कं धरलं. देवानं आपल्याला जे पाळायला लावलं, त्यानंच तारलं. त्यावर मग सून कुरकुरली तरी आणि नात हसली तरी केवळाबाई तसूभर हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजमा आली. नांदेडची, पोरसवदा, डोक्याला ओढणी आणि हातात बर्फाचा डबा. डेंग्यूवर संशोधन करत होती. आदिनाथचं रक्त जिथं तपासलं होतं तिथून तिला नाव मिळालं होतं आणि रामकिशननं फोनवर तिला होकारही दिला होता. खालून चांदपाशाची बायको बानो तिला वर घेऊन आली.

"मावशी, ही डॉक्टरीणबाई आलीय," बानो म्हणाली.

"डॉक्टर नाही हो, भाभी. अजून शिकूनच राहिले," उजमा हसली. तिनं आदिनाथचा दंड बांधला, रक्त घेतलं, त्याच्याशी क्लासबद्दल चार शब्द बोलली. मग बाहेर येऊन एका पिंपाचं झाकण उचललं आणि मोबाईलचा उजेड पाण्यावर धरला. "आजी, बघा. हे वळवळतंय ना, हेच उद्या डास होऊन चावणार."

"मग काय ओतून देऊ, माय? पाणी हाय ते. पुन्हा कधी येतंय कुणाला ठावं."

नांदेडात गोदावरी होती, पण लातूरची पाणीटंचाई उजमाला माहीत होती. तिनं झाकण घट्ट बसवलं. तेवढ्यात तिची नजर सतरंजीवर भिंतीला टेकून बसलेल्या तनुजाकडं गेली.

"ही कोण?"

"त्याची बहीण. जुळी हाय त्याची."

"जुळी?" उजमाचा आवाज एकदम वर गेला. "आजी, अहो मला असंच कुणीतरी पाहिजे होतं. एकाच वयाचे, एकाच खोलीत राहणारे, एक मुलगा आणि एक मुलगी."

"कशाला?"

उजमा पायरीवर टेकली. समजावून सांगायची तिला आवड असावी. "हा जो डेंग्यूचा विषाणू आहे ना, ते एकटं प्रकरण नाही. चार भावंडं आहेत. आणि ज्याच्या अंगात शिरतो, तिथं वाढता वाढता थोडाथोडा बदलत जातो. लहान लेकराच्या अंगात वेगळा, म्हाताऱ्याच्या वेगळा. बाईच्या अंगात तो कसा वागतो, पुरुषाच्या कसा, हे मी बघते. एखाद्याला एकदा होऊन गेला आणि मग दुसऱ्या भावंडानं गाठलं, की जास्त त्रास होतो. तुमच्याकडं आधी कधी आली होती का अशी साथ?"

"पोरं सातवीत असताना गावी सगळी गल्ली तापली होती. हे दोघंबी पडले होते. काढ्यानं बरे झाले."

"आणि तुम्ही?"

"मला काय होतंय? मला मराया सवड न्हाई."

"तुम्हालाही झाला असेल, कळला नसेल," उजमा म्हणाली. मग तनुजाकडं वळली. "तुला ताप आला होता का गं?"

तनुजानं आजीकडं बघितलं. "थोडी कणकण होती. गेली."

"मग तुझंही रक्त घेते थोडं. पाच मिनिटांचं काम आहे."

"न्हाई न्हाई," केवळाबाई मध्ये आली. "ती बसलीय बाजूला. आधीच रक्त चाललंय पोरीचं, वरून तू काय काढतीस? चार दिस जाऊ दे, न्हाऊ दे तिला, मग घे काय घ्यायचं ते."

"आजी, त्यानं काही होत नाही..."

"तुमच्यात न्हाई होत. आमच्यात चालत न्हाई."

बानोनं उजमाला डोळ्यानं खुणावलं, की सोड. पोरगी अठराच्या आतली, घरच्यांच्या संमतीशिवाय सुई लावता येत नव्हती. उजमानं डबा उचलला. जाताना तिनं पुन्हा पुन्हा बजावलं, "ताप उतरला म्हणजे बरं झालं असं समजू नका हां. खरा धोका ताप उतरल्यावर असतो. पोट दुखायला लागलं, उलट्या झाल्या, कुठून रक्त गेलं, हातपाय गार पडले, की उठून दवाखान्यात."

केवळाबाईनं शब्दन् शब्द मनात ठेवला. त्या दिवशी दर थोड्या वेळानं ती आदिनाथचे तळहात दाबून बघायची, पावलं चाचपायची, पोटावर हात ठेवून विचारायची, "दुखतंय का रं राजा? इथं? आन् इथं?" हातपाय गरम होते, पोट मऊ होतं. तिचा जीव भांड्यात पडायचा.

बाहेर तनुजानं भाकरी तशीच ठेवली होती.

"खाल्लं का न्हाई?"

"पोट दुखून राहिलंय."

"पाळीत दुखतंच. आमचं न्हाई दुखलं? गूळ खा जरा." केवळाबाईनं गुळाचा खडा वरून तिच्या ताटात टाकला. संध्याकाळी तनुजाला उलटी झाली. उन्हात बसून पित्त झालं असेल, असं केवळाबाई म्हणाली आणि लिंबू-साखर केली, तीही ग्लासात वरूनच ओतली. यावेळी जरा जास्तच जातंय, असं तनुजा म्हणाली. अभ्यासाचं टेन्शन, उष्णता, असं केवळाबाईनं मनाशी म्हटलं. या सगळ्यात निर्दयपणा काही नव्हता. ती नातीकडं दहादा डोकावून गेली होती. पण डोकावून जे दिसतं तेवढंच तिला दिसलं. पोरगी बसलीय, पुस्तक मांडीवर हाय, ताप तर न्हाईच.

पुढच्या दिवशी दुपारी आदिनाथनं पहिल्यांदा भूक लागली म्हणून सांगितलं. केवळाबाईनं त्याला मऊ भात कालवून भरवला. त्या आनंदातच ती तांब्या घेऊन बाहेर आली.

"तने, तुझा दाद्या जेवला बघ. घे, तूबी पाणी पी. धर गिलास."

तनुजानं ग्लास उचलला. तो तिच्या हातात डुगडुगला. केवळाबाईनं वरून धार सोडली, ती ग्लासात पडायच्या ऐवजी मनगटावरून, कोपरावरून सतरंजीवर गेली. ग्लास पडला आणि पिंपाखाली घरंगळत गेला.

"नीट धर की गं."

"आजी, दिसंना." तनुजाचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा होता. "अंधार झालाय का?"

ऊन रणरणत होतं. केवळाबाई तांब्या घेऊन उभी राहिली. दोघींमध्ये जेमतेम हातभर जागा होती. इतक्या वर्षांत ती जागा तिनं कधी ओलांडली नव्हती, स्वतःच्या बाबतीत नाही, सुनेच्या नाही, नातीच्या नाही. आता ओलांडली तर अंघोळ करून, ओलेत्यानं आत जावं लागेल, आणि आत आदिनाथ. आज कुठं तो जेवला होता. पोराचं काही वाईट झालं तर?

तनुजाची मान कलली. डोकं भिंतीवरून घसरत पिंपाला लागलं आणि भरलेल्या पिंपाचा बद्द असा आवाज झाला.

केवळाबाईनं तांब्या टाकला आणि तिला धरलं. हात रांजणाच्या बुडासारखा गार होता. तसाच ओलसर, तसाच निर्जीव. कपाळ गार, मान गार, पावलं तर जणू तिची नव्हतीच. नाडी बघायला तिनं मनगट दाबलं, तर बोटांना काही लागेना.

तनुजानं डोळे किलकिले केले. "शिवलीस, आजी..."

"शिवले! गप पड." आणि मग कठड्यावरून वाकून ती ओरडली, "बानोबी! ए बानोबी! पोरगी चालली माझी!"

बानो धावत वर आली, मागून चांदपाशा. त्यानं सतरंजीसकट पोरीला उचललं आणि जिना उतरला. "तू चल मावशी, मी बसते आदिनाथपाशी," बानो म्हणाली. रिक्षात केवळाबाईनं तनुजाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. लुगड्याला रक्त लागलं होतं. ते तिच्या ध्यानात आलं ते दवाखान्यात उतरल्यावर, लोक बघायला लागले तेव्हा.

तरुण डॉक्टरनं तनुजाच्या बोटाचं नख दाबून सोडलं, पोट दाबलं, दाबताच तनुजा कण्हली. त्यानं सिस्टरला भराभर काही सांगितलं. दोन्ही हातांना सलाईन लागलं. मग तो केवळाबाईकडं वळला.

"ताप कधीपासून होता हिला?"

"तिला न्हाई आला ताप. तिच्या भावाला आलाय, डेंगीचा."

"आजी, हिलाही तेच दिसतंय. ताप उतरलाय, त्यानंतरची अवस्था आहे ही. आला कधी होता? कितवा दिवस आहे ते कळलं तर सलाईन किती द्यायचं ते ठरवता येतं. नीट आठवा."

केवळाबाईनं आठवून बघितलं. आदिनाथचा ताप तिला घटका-पळांसकट सांगता आला असता. मंगळवारी दुपारी क्लासहून आला तेव्हा डोळे लाल होते, दिवेलागणीला अंग भाजत होतं. पण तनुजाचं? मंगळवारी तनुजा कुठं होती? पातेल्यात पाणी आणून देत होती. पट्ट्यांना फडकं फाडून देत होती. तिच्या अंगाला हात लावल्याचं काही केल्या आठवेना.

"मला न्हाई ठावं," ती म्हणाली.

खाटेवरून आवाज आला. ओठ कोरडे पडले होते, शब्द धड फुटत नव्हते. डॉक्टर खाली वाकला.

"आदीच्या आधी," तनुजा म्हणाली. "रविवारी. टेस्ट होती. टेस्ट चुकली की खालच्या बॅचला टाकतात. गोळी खाल्ली, गेले." थोडं थांबून, "मग आदी पडला."

डॉक्टरनं मान हलवली, सिस्टरला सलाईनचा वेग सांगितला आणि केवळाबाईला बाहेर थांबायला सांगितलं.

बाहेरच्या बाकावर ती बसली. चांदपाशानं रामकिशनला फोन लावला, उजमालाही लावला. उजमा लातुरातच होती, अर्ध्या तासात आली. आल्या आल्या आत जाऊन डॉक्टरांशी बोलली, मग बाहेर येऊन केवळाबाईच्या शेजारी बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. काल हट्ट धरायला हवा होता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. केवळाबाईला ते कळलं आणि त्यानं तिला जास्तच कसंतरी झालं.

"एकच डास चावला असंल का गं दोघांना?"

"असू शकतं."

"वय एक, अन्न एक, खोली एक. मग हिच्यावरच का जास्त उठलं? बाईच्या अंगात ते इख जास्त चढतं का?"

"तेच तर शोधते मी, आजी. माझ्याकडं या वयाच्या मुलांचे नमुने पुष्कळ आहेत, मुलींचे थोडे. माझे सर म्हणतात, मुलींना कमी होत असेल. आणि ज्या थोड्या येतात, त्या जास्त आजारी असतात. पण त्या सगळ्या उशिरा आलेल्या असतात. त्यामुळं मला सांगताच येत नाही, की विषाणू वाईट वागला की उशीर भोवला."

केवळाबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं. समोर औषधाच्या दुकानापुढं क्लासची पोरं पाठीला दप्तरं लावून हसत-खिदळत चालली होती. ती म्हणाली, "तू सांगितलं व्हतंस समदं. हातपाय बघा म्हणून. मी बघत होते. त्याचे बघत होते."

उजमानं तिच्या हातावर हात ठेवला.

दिवस कलता कलता रामकिशन आला. मोटारसायकलवर आलेला, अंगावर धूळ. डॉक्टरांना भेटून आला तेव्हा डोळे लाल झाले होते. "नाडी लागायला लागलीय म्हणतेत. उद्याचा दिवस काढायचा हाय." मग त्याचं लक्ष आईच्या लुगड्याकडं गेलं. त्याला आपल्या आईचं सगळं माहीत होतं, म्हणून तो हळूच म्हणाला, "माय, तू रूमवर जा. अंघोळ कर, लुगडं बदल. आदीपाशी बस. इथं मी हाय."

ती उठली नाही.

अंघोळ करून टाकावी, असं तिला वाटत होतं. अंगावर काहीतरी चिकटल्यासारखं दुपारपासून वाटत होतं. आणि ते धुऊन टाकलं की पुन्हा सगळं जागच्या जागी बसेल, असंही वाटत होतं. पण ते जागच्या जागी म्हणजे कुठं, हे तिला कळेना. आपण पाळलं ते खोटं, असं म्हणावं, तर त्या पहाटे माळवदाखालच्या सगळ्यांतून काढून आपल्या एकटीला गोठ्यात ठेवलं ते कुणी? कशासाठी? ते काहीच नव्हतं का? नुसती पाळी आली होती आणि नुसती जमीन हलली होती, एवढंच? एवढ्यावर ती इतकी वर्षं जगली कशी? आणि ते खरं म्हणावं, तर आत पोरगी पडली होती.

"आदीला तू बघ," ती म्हणाली. "मी हिच्यापाशी बसते."

"माय, आत एकालाच सोडतेत."

"म्हणूनच म्हणते."

रामकिशननं खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि चांदपाशाबरोबर खोलीकडं गेला.

सिस्टरनं तिला आत घेतलं. तनुजा डोळे मिटून होती. दोन्ही हातांना नळ्या होत्या, धरायला हात नव्हता. केवळाबाई खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसली. चादरीखाली हात घालून तिनं नातीचं पाऊल तळव्यात घेतलं. गार होतं. दुपारइतकं गार नव्हतं, की तिलाच तसं वाटत होतं, हे तिला ठरवता येईना. तिनं दुसरंही पाऊल ओढून घेतलं आणि दोन्ही पोटाशी धरून बसली.